शाळा ज्यूंची, पण ज्यू मुलं कुठे? मुंबईतल्या ज्यू शाळांचे सण, स्मृतिदिन आणि सहलींची गोष्ट

घाटकोपर असो की बोरिवली, उपनगरातल्या शाळेची सहल कधी ना कधी राणीच्या बागेत जातेच. मुलं पेंग्विन बघतात, डबा खातात आणि दंगा करत परत येतात. पण याच बागेत दोन गोष्टी अशा आहेत, ज्यांच्यासमोरून सगळे जातात आणि थांबत कुणीच नाही. एक म्हणजे भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा घड्याळाचा मनोरा. दुसरी म्हणजे काळ्या घोड्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड.

मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाचा आहे. पुतळा त्यांचे चिरंजीव अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये शहराला दिलेला. फोर्टातल्या चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव याच पुतळ्यामुळे पडलं. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला, पुढे तो राणीच्या बागेत आला. नाव मात्र चौकालाच चिकटून राहिलं.

ससून हे बगदादहून मुंबईत आलेलं ज्यू घराणं. राणीच्या बागेच्या आसपासच, भायखळा आणि माझगाव भागात, ज्यू समाजासाठी काढलेल्या शाळा आजही भरतात. गंमत म्हणजे या शाळांच्या पाटीवर ज्यू माणसांची नावं आहेत, पण वर्गात ज्यू मुलं जवळपास नाहीत. आणि जी थोडी ज्यू मुलं मुंबईत आहेत, ती ठाणे आणि उपनगरांत, वेगळ्याच शाळांत शिकतायत.

हे झालं कसं? ज्यू शाळेत असं काय असतं, जे दुसऱ्या शाळेत मिळत नाही? आणि शाळाच नसेल, तर ते मुलांपर्यंत पोहोचतं कसं? समजून घेऊया.

ज्यू शाळेत नेमकं वेगळं काय असतं?

गणित, विज्ञान, भूगोल सगळीकडे सारखंच. फरक दिसतो तो शाळेच्या वर्षभराच्या वेळापत्रकात. तिथे तीन गोष्टी ठळक असतात : सण, स्मृतिदिन आणि सहली.

त्यातही पाचवी-सहावी ते आठवीची वर्षं महत्त्वाची मानली जातात. ज्यू परंपरेत मुलगी १२ व्या वर्षी आणि मुलगा १३ व्या वर्षी धर्माच्या दृष्टीनं जाणता होतो. मुलीच्या या टप्प्याला बात मित्झवा म्हणतात, मुलाच्या टप्प्याला बार मित्झवा. आपल्याकडे मुंज होते, साधारण तसाच हा टप्पा. फरक इतकाच, की इथे मुलाला सगळ्यांसमोर उभं राहून हिब्रू धर्मग्रंथातला, म्हणजे तोराहमधला, भाग वाचावा लागतो. त्या दिवसापासून उपास, प्रार्थना, दानधर्म ही त्याची स्वतःची जबाबदारी होते.

म्हणजे ज्या वयात मुलं ‘हे आपण का करायचं?’ असं विचारायला लागतात, त्याच वयात परंपरा त्यांच्या हातात सोपवली जाते. म्हणूनच जगभरातल्या ज्यू शाळा या वयाच्या मुलांना नुसतं पुस्तक वाचायला लावत नाहीत. पुरिमला वेष करून नाटक बसवलं जातं, पेसाहच्या जेवणाची तालीम होते, २७ जानेवारीला मेणबत्त्या लावून शांतता पाळली जाते, वर्षातून एकदा मोठी सहल निघते. अमेरिकेतल्या बऱ्याच ज्यू शाळांत आठवी संपताना मुलांना इस्रायलला किंवा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात नेतात.

गणपती कधी आहेत हे मुंबईत कुणाला शाळेत शिकवावं लागत नाही. ढोल वाजायला लागले की कळतंच. पण ज्या समाजाची माणसं मोजकी आहेत, त्याचा सण रस्त्यावर दिसत नाही, दुकानांच्या सेलमध्ये दिसत नाही, टीव्हीवरही दिसत नाही. तो कुणीतरी मुद्दाम वेळापत्रकात घालावा लागतो. ज्यू शाळा हे काम करते.

मुंबईत ज्यू शाळा सुरू कशी झाली?

मराठी बोलणाऱ्या ज्यूंना बेने इस्रायल म्हणतात. त्यांच्या परंपरेनुसार शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणात राहून त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी ते घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. आडनावंही गावांवरून पडली. दिवेकर, राजपूरकर, केहीमकर, अष्टमकर ही सगळी बेने इस्रायल आडनावं.

अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईत यायला लागली. सैन्यात, गोदीत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या. शिक्षण मात्र सुरुवातीला मिशनऱ्यांच्या शाळांतून मिळालं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, त्या जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्रायलींनी हिब्रू शिकून घेतली आणि धर्म आपलाच ठेवला.

पण समाजातल्या जाणत्यांना वाटायला लागलं, की मुलांना इंग्रजीही यावी आणि हिब्रूही, आणि हे आपल्याच शाळेत व्हावं. हईम सॅम्युएल केहीमकर या अलिबागच्या गृहस्थांनी पुढाकार घेतला आणि १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. हेच केहीमकर पुढे समाजाचे इतिहासकार झाले. त्यांनी १८९७ मध्ये बेने इस्रायलींचा इतिहास लिहून पूर्ण केला, पण तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या निधनानंतर.

शाळेला नंतर सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली. हेही मूळचे बगदादचे. मुंबईत ससूनांच्या पेढीमार्फत नोकरीला लागून ते पूर्वेकडे गेले आणि हाँगकाँग-शांघायमध्ये मोठे उद्योगपती झाले. त्यांच्या देणगीमुळे शाळेचं नाव झालं सर एली कदूरी शाळा. माझगावातली हीच ती शाळा.

या शाळेची सगळ्यात गाजलेली वर्षं म्हणजे रिबेका रूबेन यांचा काळ. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला त्या पहिल्या आल्या. मुलीनं मॅट्रिकला पहिलं येणं ही त्या काळात खळबळ उडवणारी बातमी होती. पुढे इंग्लंडमध्ये शिकून त्या परत आल्या आणि १९२२ ते १९५० अशी २८ वर्षं या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या.

सणांची नावं मराठी, मग शाळेनं काय शिकवलं?

बेने इस्रायल कोकणात इतर ज्यूंपासून शतकानुशतकं तुटून राहिले. त्यांच्याकडे रब्बी नव्हते, हिब्रू पुस्तकं जवळपास नव्हती. तरीही त्यांनी सण टिकवले, आणि टिकवले ते मराठी नावांनी. केहीमकरांच्या इतिहासात ही नावं नोंदलेली आहेत.

रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष. कोकणात हा ‘नव्याचा सण’ झाला.

योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा कडक उपासाचा दिवस. तो झाला ‘दारफळणीचा सण’. या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कुणाशी संपर्क ठेवायचा नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांच्या घरी जायचं.

पुरिम हा आनंदाचा, वेष धारण करण्याचा सण. फाल्गुनात येतो म्हणून तो ‘होळीचा सण’.

तिशा बआव हा जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिन. कोकणात त्याला नाव पडलं ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवसाच्या जेवणात मोड आलेल्या वालांचं बिरडं असायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख आणि ताटात वालाचं बिरडं. यापेक्षा मराठी काय असणार?

यात हनुका मात्र नव्हता. आज जगभर ज्यूंचा म्हणून ओळखला जाणारा हा दिव्यांचा सण जुन्या बेने इस्रायलींना माहीतच नव्हता. काही अभ्यासक याचा अर्थ असा लावतात, की हनुकाची घटना घडली त्याच्या आधीच यांचे पूर्वज मूळ भूमीतून निघाले असावेत. ती घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. हा अंदाज आहे, पुरावा नाही.

पण यातून एक गोष्ट समजते. जुने सण घरातून आले, आजीच्या स्वयंपाकघरातून आले. हनुकासारखे सण, हिब्रू प्रार्थना आणि सणामागची पूर्ण गोष्ट हे बाहेरून आलेल्या शिक्षकांमुळे, छापील पुस्तकांमुळे आणि शाळांमुळे आलं. जोसेफ इझेकिएल राजपूरकर हे यातलं मोठं नाव. ते डेव्हिड ससून यांनी काढलेल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची आणि धर्मपुस्तकांची मराठी भाषांतरं केली. त्यामुळे मुलाला हिब्रूत म्हणत असलेल्या प्रार्थनेचा अर्थ मराठीत कळायला लागला. त्याच काळात बेने इस्रायलींनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली. अब्राहम, मोशे, योसेफ यांची आख्यानं, तीही टाळ आणि पेटीच्या साथीनं.

ज्यू सणांची तारीख दरवर्षी का बदलते?

शाळेचं वेळापत्रक बनवणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी पडतो. उत्तर मराठी माणसाला पटकन कळेल, कारण ज्यू पंचांग आपल्या पंचांगासारखंच आहे. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याचं. दोघांत दरवर्षी साधारण ११ दिवसांचा फरक पडतो. तो भरून काढायला आपण अधिक महिना घालतो. ज्यू पंचांगातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. फरक एवढाच, की आपला अधिक महिना वेगवेगळा येतो आणि त्यांचा नेहमी अदार हाच महिना दोनदा येतो.

याचा परिणाम बघा. २०२५ मध्ये पुरिम १४ मार्चला आला, म्हणजे आपल्या धुळवडीलाच. पेसाहचा सण १२ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, त्या दिवशी हनुमान जयंती होती. रोश हशाना सुरू झाला २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी, त्या दिवशी घटस्थापना. योम किप्पूर आला २ ऑक्टोबरला, तोच दसरा. हा योगायोग नाही. तिश्री महिन्याचा दहावा दिवस आणि आश्विन शुद्ध दशमी एकाच चंद्रावरून मोजली जाते.

२०२६ चं गणित मात्र वेगळं पडतं. आपल्याकडे अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे दसरा २० ऑक्टोबरपर्यंत पुढे जातो. ज्यू पंचांगात तो अधिक महिना पुढच्या वर्षी येतो. त्यामुळे योम किप्पूर २१ सप्टेंबरलाच, गणपतीच्या दिवसांत पडतो.

आणखी एक गोष्ट. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी संध्याकाळी संपतो. ज्यू शाळेत शनिवार सुट्टीचा. मुंबईतल्या इतर शाळांत शनिवारी अर्धा दिवस वर्ग, चाचणी, नाहीतर क्लास. धार्मिक ज्यू घरातल्या मुलाची पहिली ओढाताण इथेच सुरू होते.

स्मृतिदिन : कुणाची आठवण आणि कशासाठी?

ज्यू शाळांतले स्मृतिदिन म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो होलोकॉस्ट. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं. त्यात अंदाजे १५ लाख मुलं होती. २७ जानेवारी १९४५ ला ऑशविट्झची छळछावणी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ठराव करून हा दिवस आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. इस्रायल आणि बऱ्याच ज्यू शाळा याशिवाय निसान महिन्याच्या २७ तारखेला योम हशोआ पाळतात. इस्रायलमध्ये त्या सकाळी भोंगा वाजतो आणि हायवेवरच्या गाड्यासुद्धा जागच्या जागी थांबतात.

इथे मुंबईकर ज्यू मुलासमोर एक वेगळाच प्रश्न येतो. त्याच्या पणजोबांना नाझींचा त्रास झाला नाही. भारतात स्थानिक समाजानं ज्यूंचा छळ केला नाही, हे बेने इस्रायल आवर्जून सांगतात. मग ही आठवण त्याची कशी?

एक उत्तर मुंबईतच आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोपातून पळालेले काही ज्यू मुंबईत आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये इथे ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली. त्या निर्वासितांमध्ये वॉल्टर कॉफमन नावाचे एक संगीतकार होते. पुढे ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचं काम बघायला लागले. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती ओळखीची धून त्यांचीच मानली जाते. भारतातल्या कितीतरी पिढ्यांनी रोज सकाळी एका निर्वासिताची धून ऐकली आणि बहुतेकांना ते कळलंही नाही.

दुसरी आठवण अगदी जवळची. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी कुलाब्यातलं नरीमन हाऊस मुद्दाम निवडलं, कारण ते ज्यू केंद्र होतं. तिथे सहा जणांना मारलं, त्यात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का होत्या. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला त्याची सांभाळ करणारी सँड्रा सॅम्युअल यांनी जीव धोक्यात घालून बाहेर काढलं. २६/११ हा सगळ्या मुंबईचा स्मृतिदिन आहे. ज्यू मुलासाठी त्यात आणखी एक पदर आहे : त्या यादीत आपल्याला ज्यू म्हणून निवडलं होतं.

स्मृतिदिन पाळताना शाळेचा कस लागतो तो इथेच. बारा वर्षांच्या मुलाला घाबरवायचं नाही, पण खोटंही सांगायचं नाही. म्हणून बऱ्याच शाळा आकड्यांपेक्षा एकेका मुलाची गोष्ट सांगतात. अ‍ॅन फ्रँक जगभर माहीत झाली ती यामुळेच. आणि म्हणूनच सँड्रा यांच्यासारख्या वाचवणाऱ्या माणसाची गोष्टही सोबत सांगावी लागते.

सहल : नवगाव, अलिबाग आणि खंडाळ्याचा टापा

अमेरिकेतलं ज्यू मूल सहलीला विमानानं जातं. मुंबईतल्या बेने इस्रायल मुलाच्या मुळांची सहल मांडव्याच्या लाँचनं किंवा एसटीनंही होते.

नवगावला जुनी दफनभूमी आहे. जहाज फुटून बुडालेल्यांना तिथे पुरलं अशी श्रद्धा आहे, आणि आज तिथे स्मारकस्तंभ उभा आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ चं मागेन आबोथ सिनेगॉग आहे. रेवदंडा, पेण आणि पनवेललाही जुनी सिनेगॉग आहेत.

आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला आहे ‘एलियाहू हनाबीचा टापा’. हा लोणावळ्याचा खंडाळा नाही बरं का! एलियाहू हनाबी म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलिया. तो अग्निरथातून स्वर्गात गेला अशी कथा आहे. जाताना रथ इथे टेकला आणि खडकावर खुणा उमटल्या, अशी बेने इस्रायलींची श्रद्धा. तू बिशवात हा झाडांचा सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा लोक आवर्जून तिथे जातात आणि मलिदा करतात. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर आणि सोबत फळं. मध्ये ताट, भोवती माणसं आणि हिब्रू प्रार्थना. जगातल्या बाकी ज्यूंकडे हा विधी अशा रूपात नाही.

म्हणजे या एका दिवसात मुलाला धर्म, भूगोल, इतिहास आणि खाणं सगळं एकत्र मिळतं. वर्गात महिनाभर शिकवून जे पोहोचत नाही, ते खडकावरच्या खुणेला हात लावून पोहोचतं.

मग शाळेतली ज्यू मुलं गेली कुठे?

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक बेने इस्रायल तिकडे गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांच्या आसपास ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत उरले ४,६५०. त्यातले निम्म्याहून जास्त, २,४६६, महाराष्ट्रात.

तिकडेही सगळं सोपं नव्हतं. १९६० च्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं, की बेने इस्रायलींचं इतर ज्यूंशी लग्न लावताना आधी त्यांची पूर्वपीठिका तपासा. म्हणजे ज्यांनी कोकणात एकट्यानं शनिवार पाळला, त्यांनाच ‘तुम्ही ज्यू आहात का?’ असं विचारलं गेलं. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये ते फर्मान मागे घ्यावं लागलं. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू असल्याचा भारतीय दूतावासाचा अंदाज आहे. दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत मराठी अजूनही ऐकू येते आणि तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय.

मुंबईत मागे राहिले ते हळूहळू डोंगरी, उमरखाडी, भायखळा सोडून ठाण्याकडे आणि उपनगरांकडे सरकले. कारण तेच, जे गिरगाव-परळच्या मराठी माणसाचं होतं : खोली लहान पडली, मुलांची लग्नं झाली, लांब का होईना पण मोठी जागा परवडली. ज्यू शाळा मात्र जुन्याच वस्तीत राहिल्या. आता त्या वस्तीतली मुलं बहुतेक मुस्लिम आहेत, म्हणून कदूरी शाळेत आणि भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत बहुतेक विद्यार्थी मुस्लिम आहेत. जगात इतरत्र ज्यू आणि मुस्लिम नावं एकत्र आली की भांडणाची बातमी होते. इथे ज्यू माणसाच्या देणगीवर उभ्या शाळेत मुस्लिम मुली-मुलं दहावी होतात आणि त्याची बातमीही होत नाही.

उपनगरातल्या ज्यू मुलाचं काय?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. यातल्या एकाही ठिकाणी ज्यू शाळा नाही. इथलं ज्यू मूल कॉन्व्हेंटमध्ये नाहीतर मराठी किंवा सीबीएसई शाळेत जातं. वर्गात ते एकटंच असतं. दिवेकर किंवा केहीमकर असं आडनाव असलं की सगळे त्याला कोकणस्थ नाहीतर सीकेपी समजतात. ‘तुम्ही म्हणजे ख्रिश्चन का?’ हा प्रश्नही ठरलेला.

अशा मुलासाठी शाळेचं काम सिनेगॉग करतं. मुलुंडपासून एक स्टेशन पुढे ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ १८७९ मधलं शार हशामायिम सिनेगॉग आहे. आज ते इथल्या बेने इस्रायलींचं मोठं केंद्र आहे. कुर्ल्यातही समाजाचं प्रार्थनागृह आहे. वरळीला ओआरटी या ज्यू शिक्षणसंस्थेनं १९६० च्या दशकापासून व्यवसाय शिक्षणाचं काम केलं. सणांचे कार्यक्रम, हिब्रूचे वर्ग, अलिबागची सहल हे जे ज्यू शाळेच्या वेळापत्रकात असतं, ते इथे समाजाच्या कार्यक्रमांतून आणि पालकांच्या सुट्ट्यांतून जुळवावं लागतं.

जुळवणं सोपं नाही. योम किप्पूरच्या दिवशी सहामाहीचा पेपर येऊ शकतो. पेसाह वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा उपयोग शैक्षणिक संस्था आणि शिष्यवृत्त्यांसाठी होतो. पण एका वर्गातल्या एकाच मुलाच्या उपासाच्या दिवशी चाचणी पुढे ढकलायची का, हे शेवटी वर्गशिक्षकच ठरवतात. आणि त्यासाठी त्यांना तो सण निदान ऐकून तरी माहीत असावा लागतो.

बाकीच्या शाळांना यातून काय घेता येईल?

सणाची माहिती फक्त ज्यू मुलांनाच असून भागत नाही, ती शेजारच्या बाकावरच्या मुलालाही हवी. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. नववीच्या एनसीईआरटी इतिहासात नाझीवादावर पूर्ण धडा आहे. त्या धड्यासोबत एक दिवसाची सहल लोकल ट्रेननं होऊ शकते.

मध्य रेल्वेवरच्या शाळांनी मस्जिद स्टेशनला उतरावं. हे नाव ज्या ‘जुन्या मशिदी’वरून पडलं असं सांगतात, ती म्हणजे सॅम्युएल स्ट्रीटवरचं १७९६ चं शार हरहामिम सिनेगॉग. जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. ते बांधलं ब्रिटिश फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी. टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आल्यावर केलेला हा नवस होता, अशी आख्यायिका आहे.

तिथून भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग, आणि जवळच राणीची बाग. पश्चिम रेल्वेवरच्या शाळांना महालक्ष्मीला उतरलं की डॉ. ई. मोझेस मार्ग लागतो. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर हे १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. याच भागात सातरस्त्याजवळ १८८६ चं तिफेरेथ इस्रायल सिनेगॉग आहे. वेळ उरला तर काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आणि १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बघता येतं.

दोन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. २६/११ नंतर सिनेगॉगमध्ये सुरक्षा कडक आहे, त्यामुळे शाळेनं आधी पत्र देऊन परवानगी घ्यावी आणि ओळखपत्रं सोबत ठेवावीत. आणि शनिवार टाळावा, कारण तो त्यांच्या प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस. शनिवार का टाळायचा, एवढा एक प्रश्न जरी मुलांनी विचारला, तरी शनिवार तेल्यांची गोष्ट तिथूनच सुरू करता येते.